नाचणारा रोबो

जळगावातली मे महिन्यातली दुपार. दवाखान्यात नंबरची वाट पाहत आम्ही दहाबारा जण टीव्हीसमोर बसलो होतो. तापमानवाढीवरची जागतिक परिषद यंदाही काहीच न ठरवता संपल्याची बातमी लागली.

"रोजचंच आहे, बदला चॅनेल," कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्या चॅनेलवर नवा रोबो नाचत होता. सगळे मान उंचावून पाहू लागले. मीही. जग तापतंय याचा आपल्याला कंटाळा येतो, यंत्र नाचलं की मात्र उमेद वाटते.

शेजारी आमच्या गल्लीतल्या सुमनताई होत्या. रस्त्यावर डांबर टाकताना गेल्या उन्हाळ्यात त्यांचा नवरा उष्माघातानं गेला.

"भाऊ, हा उन्हात डांबर टाकील?"

"टाकेल, पुढेमागे."

"मग माणसं सावलीत बसतील?"

माणसांचं कामच जाईल, हे ठाऊक असूनही मी "हो" म्हणालो.

"जरा लवकर यायला हवा होता," त्या म्हणाल्या.