अंगठ्याखालची चीर
झटकन चिकटणाऱ्या गोंदाचा वास आला की चोरखमारा गावाजवळच्या धान कापलेल्या बांध्या, ती रिकामी शेतं आठवतात. रिमोटवर उडणाऱ्या छोट्या मोटारीच्या ग्लायडरांची शर्यत होती. मी पहिला होतो आणि फक्त मित्राची फेरी उरली होती. रिमोट त्याच्या हातात, म्हणून त्याचं ग्लायडर मीच फेकणार होतो. उचलताच अंगठ्याखाली पंख ‘कट्’ वाजला. गोंदानं चिकटवलेली चीर उघडली होती. मी चूप राहिलो आणि फेकलं. भर वेगात पंख तुटला, ग्लायडर वळणाच्या रेषेवर झेंडी घेऊन उभ्या असलेल्या मित्राच्या भावाच्या तोंडावर आदळलं. डोळा गेला. दवाखान्यात मित्रानं विचारलं, “फेकताना काई जाणवलं का रे?” “काईच नाई,” मी म्हणालो. तो भाऊ अजून कुडवा गावात भेटतो, माझी गाडी थांबवतो आणि हसून विचारतो, “उडवनं काऊन सोडलं बा तू?”