घटनास्थळाचा रकाना

सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात मी नोंदी करतो. मारामारीतला जखमी आला की नाव, वय, जखमा, घटनास्थळ. शेवटच्या रकान्यात आम्ही वर्षानुवर्षं 'दवाखाना' लिहीत आलो. कारण हद्दीची कटकट. सावेडीकडच्या एका चौकात तर दोन पोलीस ठाण्यांच्या हद्दी मिळतात. चौक लिहिला की दोन्हीकडचे हवालदार हद्दीवरून भांडत बसतात आणि जखमीचा जबाब राहून जातो.

मग हिंसक गुन्हे कमी करायला सरकारी निधी आला. कोयते कुठे चालतात ते संगणक सांगणार, तिथे कॅमेरे आणि गस्त. माहिती आमच्या वहीतून गेली. उद्घाटनाला शाली, नारळ आणि पडद्यावर शहराचा नकाशा. सगळ्यांत लालभडक ठिपका आमच्या दवाखान्यावर. जिथे टाके घालतात तिथेच सर्वाधिक रक्त सांडतं, हे शास्त्रीय पद्धतीने सिद्ध झालं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, अक्षर माझंच होतं.

कॅमेरे आमच्या फाटकावर लागले.

त्या चौकात एका चाचांचं वेल्डिंगचं दुकान होतं. भर दुपारी त्यांच्या शटरसमोर एकाला कापलं, ते त्यांनी पोलिसांत सांगितलं. तेव्हापासून त्यांना धमक्या येत होत्या. चौकात कॅमेरा लावा म्हणून त्यांनी अर्ज केला. 'सदर ठिकाणी गुन्ह्यांची नोंद आढळत नाही,' असं उत्तर आलं. ते पत्र त्यांनी मला दाखवलं.

"भाऊसाहेब, रक्त मी स्वतः धुतलं. नोंद कशी नाही?"

"बघतो," मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी सकाळी अकराला चाचाच रिक्षातून आले. कोयत्याचा पहिला वार त्यांनी हातावर घेतला होता; तळवा मनगटापर्यंत फाटला होता, दोन बोटं कातड्याला लोंबत होती. दुसरा वार पोटात बसला होता. चाची ओढणीचा बोळा जखमेवर दाबत होती आणि तिच्या कोपरावरून रक्त ठिबकत होतं. रिक्षावाला पायरीवर बसून ओकत होता.

फाटकावरचा हवालदार आत आला. "भाऊसाहेब, दवाखानाच लिवा. त्यो चौक आमच्यात न्हाई."

"तुमच्यात नाही, त्यांच्यात नाही," चाची ओरडली, "मग माझा माणूस काय आभाळात कापला?"

"चौक लिहा," चाचा म्हणाले. "नाहीतर मी इथे येऊन स्वतःला कापून घेतलं, असं निघेल."

मी चौक लिहिला.

हवालदाराने डायरी मिटली. "आता त्या ठाण्याचा मानूस येऊ द्या," म्हणाला आणि फोन करायला बाहेर गेला. त्या ठाण्याचा माणूस आला तोही हद्द नाकारतच. दोघांची व्हरांड्यात जुंपली. आत डॉक्टर रक्त थांबवत होते आणि चाचांचे ओठ पांढरे पडत चालले होते.

"त्यांचं चालू द्या. तुम्ही लिहा," चाचा मला म्हणाले आणि वार करणाऱ्यांची दोन नावं सांगितली. वहीत त्यासाठी रकाना नाही. मी समासात लिहिली. मग त्यांना ऑपरेशनला नेलं. ते टेबलावरच गेले.

जबाब झालाच नाही. आता ती नावं वाचून दाखवायला मला कोर्टात बोलावलंय. गेल्या आठवड्यापासून आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोघं मोटरसायकल लावून बसतात. मी स्कूटर काढली की हात वर करून नमस्कार करतात.

"अक्षर लागत नाही म्हणा," बायको म्हणते. "तुमचं कोण ऐकतंय नाहीतरी?"

"ते दोघं ऐकतायत," मी म्हणालो. "म्हणून तर बसलेत."

सोमवारी तारीख आहे. बायकोने मुलीला तिसगावला मामाकडे पाठवलं आणि माझा पांढरा शर्ट इस्त्रीला दिला.