गळका पंप आणि रविवारचं जेवण

काकू रविवारी जेवायला येणार होत्या आणि गुरुवारी सकाळी माझ्या भांडी धुण्याच्या मशीननं मान टाकली. टीं-टीं आवाज, पडद्यावर कसलासा आकडा आणि पुढच्या पायाशी पाण्याचं थारोळं. दुसरी कुणी म्हणाली असती, रविवारी भांडी हातानं घासू. मला ते चालणार नव्हतं. काकूंना मी ज्यासाठी बोलावलं होतं ते या मशीनशिवाय होण्यासारखं नव्हतं.

काकू म्हणजे माझ्या जुन्या घरमालकीण. मी फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावरची. वीस-बावीस वर्षांपूर्वी यवतमाळला आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करायला आले आणि त्यांच्या मागच्या खोलीत राहिले. काका सरकारी कचेरीत हेडक्लार्क, घर नेटकं आणि शुद्ध शाकाहारी, महिन्याच्या भाड्यात एक वेळचं जेवण. माझं ताट मात्र घरात येत नसे. ते मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर राहायचं. काकू वरून वाढायच्या आणि मी ते बाहेरच्या नळावर धुऊन पुन्हा कट्ट्यावर पालथं घालायचे. याबद्दल कधी कुणी एक शब्द बोललं नाही.

तेवढं मी पोटात घातलंही असतं. पण एकदा माझी याडी, म्हणजे आई, एसटीनं मला भेटायला आली. लेकीला सांभाळणाऱ्या बाईंसाठी काय करावं हे तिला सुचेना. नळावर काकूंच्या घरच्या भांड्यांचा ढीग होता, तो तिनं बसून लख्ख घासून काढला. काकूंनी पाहिलं आणि हसल्या. आम्ही खोलीत गेलो आणि थोड्या वेळानं खिडकीतून दिसलं की काकू तीच भांडी राख घेऊन पुन्हा घासत होत्या, एक वाटीसुद्धा न सोडता. याडी पाहत राहिली. मग आमच्या बोलीत म्हणाली, माझ्या हातानं नीट निघाली नसतील. तिला सगळं कळलं होतं, मला वाईट वाटू नये म्हणून ती तसं बोलली. त्या दिवशी मी मनाशी जे ठरवलं त्याला सूड म्हणतात, आणि त्या शब्दाची मला लाज वाटत नाही.

याडी जाऊन आता सहा वर्षं झाली. मी आयटीआयमध्येच पोरांना वायरिंग शिकवते. नवऱ्यानं आणि मी मिळून घर बांधलं, मशीन घेतलं. या एप्रिलमध्ये भाजीबाजारात काकू भेटल्या. म्हणाल्या, "घर बांधलं म्हणते तू? बोलाव ना एखाद्या दिवशी जेवायला. पाहू तरी." माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत. माझा बेत साधा होता. त्यांचं ताट आणि आमची ताटं त्यांच्या डोळ्यांदेखत एका जाळीत लावायची, दार बंद करायचं आणि बटण दाबायचं.

नवरा म्हणाला, "म्हातारी झाली ते बाई. काहून जुनं उकरून राह्यली?"

"म्हातारी झाली म्हणूनच," मी म्हटलं. "उद्या मेली तर मी काय करू?"

तर आता मशीन. कंपनीच्या माणसानं नागपुरातून फोनवर सांगितलं की यायला आठ दिवस लागतील आणि बहुतेक अख्खा पंप बदलावा लागेल. मी म्हटलं, तुम्ही राहा तिकडेच. गुरुवारी संध्याकाळी प्लग काढला, नळ बंद केला, तळातलं पाणी मगानं आणि कापडानं उपसलं आणि नवऱ्याच्या मदतीनं मशीन जुन्या गोधडीवर आडवं केलं. खालचा पत्रा काढला. आत एक नळी जराशी ओली दिसली, म्हणून तिची पट्टी आवळली आणि जग जिंकल्यासारखी झोपायला गेले. शुक्रवारी सकाळी चालवून पाहिलं तर वीस मिनिटं ठीक, आणि पाणी तापलं की पुन्हा थारोळं. घाईत असलेल्या माणसाला पहिला दिसलेला ओलावाच गुन्हेगार वाटतो. हे मी पोरांना वर्गात दरवर्षी सांगते आणि स्वतः तेच केलं.

मग डोकं थंड केलं. सगळं कोरडं पुसून प्रत्येक जोडाखाली कागदी रुमालाचा तुकडा लावला, टॉर्च धरला आणि पोटावर झोपून वाट पाहिली. पाणी थंड होतं तोवर सगळे तुकडे कोरडे. तापलं आणि हीटर पंपाखालचा तुकडा ओला झाला. या मशीनमध्ये पाणी फिरवणारा पंप आणि ते तापवणारा हीटर एकाच डब्यात असतात. त्या डब्याच्या कडेवर, पत्रा आणि प्लास्टिक जिथं मिळतात तिथं, क्षाराची पांढरी रेघ ओघळली होती. म्हणजे गळती कालची नव्हती, कित्येक दिवसांची होती.

वायरींचे फोटो काढून घेतले आणि पंप सोडवला. हीटरभोवतीची रबरी रिंग दगड झालेली आणि एका बाजूनं चेपलेली. आत चुन्याचा हा जाड थर. तेव्हा मला माझं पाप आठवलं. या मशीनला पाणी मऊ करायला वेगळं मीठ लागतं, ते महाग म्हणून मी वर्षभर बाजारातलं खडे मीठ घालत होते. मीठ ते मीठ, असं समजून; पाणी मऊ झालंच नव्हतं आणि चुना हीटरवर साचत गेला. इतकी वर्षं ज्या बाईचा हिशेब ठेवला तिच्यापुढं माझी चिक्कूपणानं फजिती होणार होती. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल.

थर लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्यात रात्रभर भिजवून काढला. शनिवारी रिंग घेऊन मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदारानं ती बोटावर फिरवून विचारलं, "विहिरीची हाय का बोअरची?"

"भांड्याची," मी म्हटलं.

त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, पण डबा उपडा करून दहा-बारा रिंगा लावून पाहिल्या. गरम पाण्याला टिकणारी, तंतोतंत मापाची एक निघाली. दुपारी पंप जोडला आणि मशीन रिकामंच चालवलं. थेंब नाही. तरी खात्री वाटेना. रिकामं चालणं वेगळं आणि भरलेलं, दोन तास तापलेलं चालणं वेगळं.

त्याच संध्याकाळी घरी मटण केलं. हांडी मी घासली नाही. पाणी घालून मुद्दाम ठेवली.

रविवारी काकू बाराच्या उन्हात ऑटोनं आल्या. वाळल्या होत्या, हाताला कंप होता. घर फिरून पाहिलं, फरशीची चौकशी केली. मग पिशवीतून स्वतःचं स्टीलचं ताट आणि ग्लास काढून टेबलावर ठेवला. "डॉक्टरांनी सांगितलं आहे," म्हणाल्या, "बाहेरच्या भांड्यात खाऊ नको म्हणून." डॉक्टरांचा भांड्यांचा एवढा अभ्यास असतो हे मला नवीन होतं. माझं अन्न चालत होतं, माझं ताट चालत नव्हतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याही चेहऱ्यावर राग दिसला.

भरल्या वांग्याची तिखट भाजी, आमरस आणि त्यात बुडवून खायचे कणकेचे सरगुंडे. काकू पोटभर जेवल्या, भाजी दोनदा घेतली. हात धुवायला बेसिनकडं वळल्या तशी मी उठले. त्यांचं ताट आमच्या ताटांच्या मध्ये, त्यांचा ग्लास आमच्या ग्लासांच्या शेजारी, खाली मटणाची हांडी. दार लावलं आणि बटण दाबलं. त्या वळल्या तोवर पाणी भरायला लागलं होतं.

"माझं ताट?"

"धुवायला टाकलं, काकू. सगळ्यांच्या भांड्यांत. कालची मटणाची हांडी पण त्यातच आहे."

त्यांचा चेहरा उतरला. "काढून दे ते."

"आता नाही निघत. दोन तास दहा मिनिटं लागतात."

खरं तर दार ओढलं की उघडतं. ते मी सांगितलं नाही. भीती एकच होती. पंप गळला तर मशीन आपसूक थांबणार, टीं-टीं करणार, आणि मला मुकाट्यानं त्यांची भांडी काढून हातात द्यावी लागणार. मशीनखाली मी वर्तमानपत्र अंथरलं होतं, दर पाच मिनिटांनी वाकून पाहत होते.

काकू भांडी घेतल्याशिवाय जायला तयार नव्हत्या. कूलरसमोर बसल्या. बाहेर मे महिन्याचं ऊन पेटलं होतं. वीस मिनिटं झाली. पाणी तापू लागल्याची घरघर सुरू झाली तशी मी पुन्हा वाकले. पेपर कोरडा. अर्धा तास, पाऊण तास, तरी कोरडा. काकू ओठांवरून जीभ फिरवत होत्या. वांग्याचं तिखट आणि आमरसाचा गोडवा आता बोलायला लागला होता.

"पाणी देतं का थोडं?" शेवटी त्या म्हणाल्या.

मी आमचा ग्लास भरून आणला. त्यांनी ग्लासाकडं पाहिलं, मग मशीनकडं.

"माझा ग्लास…"

"अजून सव्वा तास आहे, काकू."

त्यांनी ग्लास घेतला. मान मागं करून, ओठ न लावता वरून धार सोडली. निम्मं पाणी पदरावर सांडलं आणि ठसका लागला. मी पाठीवर हात फिरवायला गेले नाही. उभी राहिले. त्यांनी खोकला आवरला, डोळे पुसले आणि ग्लास दोन्ही हातांनी धरला. मग काठाला ओठ लावले आणि उरलेलं सगळं पाणी प्यायल्या.

दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला बरं वाटलं, पोटभर जेवल्यावर वाटतं तसं बरं.

"अजून देऊ?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं न बघता ग्लास पुढं केला. मी तो काठोकाठ भरून दिला आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून, त्या पिऊन होईपर्यंत बसून राहिले.