अकोल्यातलं बिऱ्हाड

मी कापसाचा पारखी होतो. भातकुलीकडच्या काळ्या जमिनीवर वाढलो. घरची शेती थोरल्या भावाने सांभाळली आणि मी अमरावतीच्या बाजारात एका सेठजींकडे लागलो. काम सांगायला सोपं होतं. गाडीतल्या रुईतून चिमूटभर उपसायची, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायची, धागा किती लांब निघतो ते पाहायचं, मग मूठ दाबून ओल आहे का ते बघायचं. लोक रुईवर पाणी शिंपडून आणत. माझ्या मुठीला ते कळे. सेठजी म्हणायचे, याचा हात खोटं बोलत नाही. मला त्याचा मोठा अभिमान वाटायचा.

समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई पेटली आहे आणि म्हणून विलायतेला आपल्या वऱ्हाडाचा कापूस हवा आहे, असं बाजारात बोललं जाई. ती लढाई कोणाची, कशासाठी, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. पण बाजारात उभं राहायला जागा उरली नाही. दर्यापूरकडचे शेतकरी बैलांच्या गळ्यात चांदीची घुंगरं बांधून येऊ लागले. आगगाडी अकोल्यापर्यंत येणार हे पक्कं झालं, तसे सेठजी स्वतः तिथे गेले, पेढी उघडली आणि दिवाळी होताच मलाही बोलावून घेतलं. हंगाम संपेपर्यंत राहायचं होतं, पण पेढीचं काम वाढत गेलं आणि मी तिथेच अडकलो. माझी मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती.

अमरावती ते अकोला बैलगाडीने तीन दिवसांची वाट. बायकोला लिहिता-वाचता येत नव्हतं. आमचा निरोप घेऊन जायचे ते एक म्हातारे मुसलमान गाडीवान. त्यांना सगळा बाजार चाचा म्हणे. चाचांची पाठ खांद्याशी वाकली होती, पण निरोपातला एक शब्द ते इकडचा तिकडे करत नसत. बायको जे बोलली ते तिच्याच सुरात सांगायचे. ती रागाने बोलली असेल तर तेही रागाने सांगत, आणि मग आपल्या आवाजात विचारत, "आता तू काय सांगतो, भाऊ?" मी बहुतेक वेळा सांगे की सगळं ठीक आहे, काम फार आहे. दर खेपेला तेच.

एकदा त्यांनी कमरेच्या पिशवीतून सुताचा दोरा काढून दिला. बायकोने पोरीला भिंतीशी उभी करून तिच्या उंचीएवढा दोरा तोडून पाठवला होता. तीन महिन्यांनी दुसरा आला. मी दोन्ही दोरे शेजारी धरले. दिवसभर परक्यांच्या रुईचा धागा मोजणारा मी, माझ्या लेकीची दोन बोटं वाढ दोऱ्यावर पाहत होतो. मग सेठजींची हाक आली आणि उठलो.

दुसऱ्या वर्षी पौषात चाचा आले ते गाडीतून उतरल्या उतरल्या माझ्याकडे आले. गाड्यांची रांग पार मोर्णा नदीच्या काठापर्यंत लागली होती. ते म्हणाले, "पोरीले ताप आहे, भाऊ. मी निघालो तवा तिसरा दिवस होता. सुनबाईनं 'या' असं म्हटलं नाही. ते मी माह्या मनानं म्हणून राहिलो."

म्हणजे तापाला सहा दिवस झाले होते. मी सेठजींकडे गेलो. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की मुंबईहून खरेदीदार आला आहे, आजचा दिवस काढ, उद्या पहाटे माझं तट्टू घेऊन जा. मी थांबलो. दिवसभर रुई पाहिली. आठवतं ते एवढंच की एका गाडीत हात घातला आणि ती रुई ओली की कोरडी हे मला कळेना. तीनदा मूठ दाबली. शेवटी शेजारी वजन करणाऱ्या तोलाऱ्याला विचारलं. असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

पहाटे निघालो, वाटेत एक रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अमरावतीला पोहोचलो. पोरगी अंगणात बसून ताकातल्या कण्या खात होती. चेहरा सुकला होता, पण डोळे स्वच्छ होते. तिने माझ्याकडे पाहिलं, तट्टूकडे पाहिलं आणि आत वळून आईला सांगितलं, "आई, पाहुना आला."

बायकोने पाय धुवायला पाणी दिलं. जेवण झाल्यावर, पोरगी तिच्या मांडीवर झोपल्यावर, ती बोलली. "ताप उतरून दोन दिवस झाले. तुमी आले, बरं झालं. पण मले आता तुमच्या येन्याचा भरोसा वाटत नाही." आवाज चढवला नाही. पोरीच्या अंगावरचं पांघरूण तेवढं सारखं केलं.

ते चार दिवस मी घरीच होतो आणि पोरगी मला लांबूनच बघत होती. मी हात पुढे केला की आईच्या लुगड्यात शिरे. मी बायकोला म्हणालो की सेठजींना सांगून अमरावतीचंच काम मागतो. तिने विचारलं, देतील का? जिकडे कापूस तिकडे पारखी, हे मलाही माहीत होतं. ती थोडा वेळ कण्या निवडत बसली. मग म्हणाली, "मंग आमी येतो. काहून नाही यायचं? चूल काय अमरावतीलेच पेटते?"

चार दिवसांनी चाचांची गाडी परत आली आणि तट्टू मागे बांधून आम्ही त्याच गाडीने निघालो. दोन पितळी भांडी, जातं, पांघरुणं, एक शेळी आणि आम्ही तिघं. बडनेरा, मग कुरूम, मग मुर्तिजापूर. मला आयुष्यातले कोणते दिवस परत मिळावेत असं कोणी विचारलं तर मी ते मागेन. त्या तीन दिवसांत माझ्याकडे कोणाचंच काम नव्हतं. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली शेतं पांढरी होती, तुरीला शेंगा धरल्या होत्या, आणि थंडी अशी की उन्हात गाडी आली की बरं वाटायचं. पहिल्या दिवशी पोरगी चाचांच्या मांडीवर बसली. दुसऱ्या दिवशी मी बोरं वेचून आणली तेव्हा जवळ आली, बोरं घेतली आणि परत गेली. तिसऱ्या दिवशी शेळी गाडीतून उडी मारून पळाली. मी तिच्यामागे तुरीच्या शेतातून धावलो, पडलो, उठलो, आणि शेळी खांद्यावर घेऊन आलो तेव्हा पोरगी इतकी हसली की तिला उचकी लागली. त्यानंतर ती माझ्या शेजारी बसली आणि अकोल्याच्या अलीकडच्या बोरगावपर्यंत तिथून हलली नाही.

तिथेच मी बायकोला सांगितलं की निरोप आला त्या दिवशी मी निघालो नव्हतो, दिवसभर थांबलो होतो. ती समोर रस्त्याकडे पाहत होती. तशीच म्हणाली, "चाचानं सांगतलं मले." चाचा बैलांना काही तरी बोलत राहिले, जणू त्यांना ऐकूच आलं नाही.

पुढे म्हातारपणी मी या प्रवासाचा विषय काढला की ती नुसती मान हलवायची. तिला शेळीसुद्धा नीट आठवत नव्हती. तिला आठवत होते ते तापाचे दिवस. कोणत्या दिवशी कोणता काढा दिला, पोरीने पहिल्यांदा पाणी कधी मागितलं, सगळं. तेव्हा मला कळलं की एका घरात राहूनही आम्ही ती वर्षं निरनिराळी जगलो होतो.

अकोल्याला मोर्णेच्या बाजूला एक खोली मिळाली. बायकोची अट एकच होती. दुपारी भाकर घरी येऊन खायची. पहिले तीन दिवस मी गेलो. चौथ्या दिवशी गाड्या वाढल्या, गेलो नाही. पाचव्या दिवशीही नाही. सहाव्या दिवशी ती कडेवर पोर आणि हातात भाकरीचं फडकं घेऊन थेट पेढीच्या आवारात आली. चांगल्या घरच्या बायका तिथे येत नसत. तोलारे थांबले. सेठजी गादीवरून उठून बाहेर आले आणि मला विचारू लागले की काय झालं.

तिने पदर पुढे ओढला आणि माझ्याकडे तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शेटजीले सांगा, आमी त्यायचा मानूस नेऊन नाही राहिलो. दुपारची घटकाभर मागून राहिलो. पोरीनं बापाले जेवताना पाहावं, एवढंच."

सेठजी शेजारीच उभे होते. तरी त्यांनीही मलाच सांगितलं की बाईंना सांग, ऊन त्या कडुनिंबाच्या पारावरून सरकेपर्यंत पारखी पेढीवर नसेल. मग आत जाता जाता कुरकुरले की आता सगळेच मागतील. तसंच झालं. महिन्याभरात तोलारे घरी जेवायला जाऊ लागले, हमाल झाडाखाली आडवे होऊ लागले, आणि दुपारी बाहेरगावच्या गाड्याही बैल सोडून निवांत उभ्या राहू लागल्या. सेठजींचं काही बिघडलं नाही. मीच उगाच दोन वर्षं धास्तावून होतो.

दुपारची ती जेवणं मी विसरलेलो नाही. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, पोरीच्या बोटांना लागलेलं ताक. तिला माझ्या मिशीत अडकलेले रुईचे तंतू काढायला फार आवडायचं. धाकटा मुलगा त्याच खोलीत झाला आणि त्या वेळी मी दाराबाहेर होतो, तीन दिवसांच्या वाटेवर नव्हतो.

आगगाडी आली, पुढे ती लढाईही थांबली असं कानावर आलं, आणि बाजार एकदम बसला. सेठजींनी अकोल्याची पेढी आवरली. आम्ही अमरावतीला परतलो. दोन वर्षांनी त्यांनी बोलावून घेतलं आणि हिंगणघाटला नवी पेढी काढतो आहे, ती तूच बघ, म्हणाले. पारख्याला अशी संधी दुसऱ्यांदा येत नाही. माझ्या बरोबरीचा एक जण गेला आणि पुढे मोठा आडत्या झाला. त्याचं घर पाहिलं की माझ्या मनात थोडं काही तरी हलायचं, ते मी लपवत नाही. पण पोरगी मोठी होत होती, मुलगा लहान होता, आणि हे बिऱ्हाड पुन्हा उचलावं असं मला वाटेना. मी नाही म्हणालो.

घरी आलो तेव्हा बायको जात्यावर बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, मुठीतले दाणे जात्यात टाकले आणि म्हणाली, "बरं. मंग बसा समोर, खुटा धरा." मी बसलो. सुरुवातीला हात उलटाच जात होता. पण त्या सकाळचं दळण आम्ही दोघांनी मिळून उरकलं.