लग्नाच्या साडीवरचा पिवळा डाग

पांढरं वस्त्र माणसाच्या अंतःकरणाची परीक्षा घेतं. आमच्याकडे ती परीक्षा आधी शेजारणींना द्यावी लागली.

बहिणीचं लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात होतं. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. सडक अर्जुनीच्या घरी आईने दुपारी पेटी उघडली, आणि त्या रेशमी साडीच्या मधोमध रुपयाएवढा पिवळट डाग दिसला. दुसरी साडी आणायला वेळ नव्हता. आदल्या संध्याकाळी साडी बघायला बायका आल्या होत्या. त्यातलं कोण पान खाऊन आलं होतं आणि कोणी हात पुसले नव्हते, हे आईला आता स्वच्छ आठवू लागलं.

निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या मामांनी चष्मा पुसला, डाग पाहिला आणि हळद असा निकाल दिला. मग ते हळदीच्या इतिहासाकडे वळले.

"हळद असती तं साबणानं लाल झाली असती," आई म्हणाली. "लावून पाह्यला मीनं. तू चहा घे, दादा."

मामांनी चहा घेतला. निकाल बदलला नाही.

मी साडी घेऊन मोटारसायकलने गोंदिया गाठलं. ड्रायक्लीनवाल्याने डाग उजेडात धरला, हुंगला आणि काय सांडलं होतं ते विचारलं. मी माहीत नाही म्हटल्यावर त्याने साडी माझ्याकडे सरकवली. चहाला एक औषध, तेलाला दुसरं. चुकीचं लागलं की डाग जन्माचा बसतो, असं त्याचं म्हणणं.

"जिसने गिराया, उसको मालूम है," तो म्हणाला. "घर पे फोन लगाओ."

लावला. आईने तो स्पीकरवर टाकला. घरातले सगळे निर्दोष होते, मामा हळदीवर ठाम. मग कोणीतरी फोन उचलून नेला, दार लागलं आणि बहीण हळूच म्हणाली,

"भाऊ, आंबा हाय तो."

"साडीवर आंबा काऊन?"

"सकाळी आई बाजारात गेली तं साडी अंगाले गुंडाळून पाह्यली. आरशात लई बेस दिसून राहिली होती. काढावंसंच नाही वाटलं. मंग भूक लागली."

नवरीच्या साडीत आरशासमोर एकटीच आंबा चोखणारी बहीण डोळ्यांपुढे आली आणि मी दुकानात एकटाच हसत सुटलो. दुकानदाराला फक्त "आम" म्हणालो. तोही हसला. खाली पांढरा कपडा धरून, त्याचं औषध लावून, न घासता, टिपून टिपून त्याने अर्ध्या तासात डाग काढला.

घरी मी हळद होती असं सांगितलं. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पेटी बंद केली. मामा दोन दिवस प्रसन्न होते.

लग्नाच्या सकाळी पार्लरवाल्या बाईंनी बारीक निऱ्या घालून बहिणीला साडी नेसवली. डागाची जागा निऱ्यांच्या आतल्या घडीत गेली.