हपसाचं मत

कुर्दांच्या मुलखात, रानियाजवळच्या एका गावात हपसाचं तोंड आणि तिचा तंदूर, दोन्ही सदा तापलेले. बगदादविरुद्धच्या बंडाच्या काळात डोंगरातल्या कुर्द लढवय्यांना, पेशमर्गांना, तिनेच नान भाजून दिले. कुर्दांचे पक्ष दोन, एकाचा झेंडा पिवळा, दुसऱ्याचा हिरवा; कोण कुठला, हे तिने कधी विचारलं नाही. बगदादच्या फौजेने गाव जमीनदोस्त केलं, तेव्हा ती परात डोक्यावर घेऊन इराणात गेली. परतल्यावर घराच्या आधी तंदूर उभा केला.

ब्याण्णवच्या मे महिन्यात कुर्द आपली पहिली विधानसभा निवडणार होते. नवरा खिदर जन्माचा हिरवा. बायकोही हिरवीच, हे त्याने धरूनच चाललेलं.

"मी पिवळी," हपसा कणीक तिंबता तिंबता म्हणाली.

"अगं, गाव हसेल मला!"

"हसू दे. बर्फात मी अडकले होते, तेव्हा खेचर पिवळ्यांनी दिलं. तुझे हिरवे चहा पीत बसले होते. त्यांच्यात तूही."

"बघ हं, हरशील!"

"लाव पैज. तुझे हरले तर नान तू भाजायचे. माझे हरले तर तुझ्या लढायांच्या गोष्टी मी तोंड न उघडता ऐकेन."

खिदरने लगेच हात पुढे केला.

मतदानाला हपसा ठेवणीतला चमचमता झगा घालून गेली. रांगेने शाळेला वेढा घातला होता. तरी कुणी कंटाळलं नाही. फौजेने नाव विचारलं की माणूस गाडीत कोंबला जायचा, ते दिवस सगळ्यांना आठवत होते. आज नाव विचारून कागद हातात देत होते. बाहेर आल्यावर तिने शाईचं बोट खाली घेतलंच नाही.

"पुसली जाईल ती," खिदर म्हणाला.

"जाऊ दे. पुन्हा रांगेत उभी राहीन."

निकालाच्या दिवशी मास्तर दिलेर रेडिओ काखेत मारून आला. "जवळजवळ बरोबरी! दोघांनी खुर्च्या निम्म्या-निम्म्या वाटून घेतल्या."

"मग हरलं कोण?" खिदरने विचारलं.

"बगदादवाला!" हपसा म्हणाली, आणि अंगण हसून लोटपोट झालं.

पैजही निम्मी-निम्मी ठरली. खिदर नान भाजायचा आणि गोष्ट सांगायचा. लढाई रंगात आली की नान करपायचा. हपसा शब्दाला जागून ओठ मिटून बसायची. नुसता काळा नान उचलून शेजारणींना दाखवायची.

पुढे त्या दोन पक्षांनी एकमेकांवरच बंदुका रोखल्या, तेव्हा ती पहिल्यांदा रडली. मग डोळे पुसून दारात उभी राहिली. भुकेली पोरं दोन्हीकडून येत.

"बंदुका बाहेर ठेवा," ती दरडावायची. "आणि आधी पाणी भरा."

मग एक हिरवा आणि एक पिवळा, हंड्याचा एकेक कान धरून, मुकाट्याने झऱ्याकडे निघायचे.