कोबाल्टवाल्याची डुलकी

माझ्या कवटीच्या तळाशी गाठ होती. नाशकात कोबाल्टच्या मशीनवर तिला किरण देणारा माणूस कळवणकडचा होता. किरण कुठून सोडायचे त्याची जांभळी फुली तो रोज माझ्या गालावर काढायचा आणि दटावायचा, "गुरुजी, तोंड धुवायचं नाय. अन् आत हलायचं तर अजिबातच नाय."

चौथ्या दिवशी मी अडूनच बसलो. ते जाड दार लावून घेतलं की खोलीत एकट्याने पडून राहणं माझ्याने होईना.

"मी घरी जातो," म्हणालो.

"यात भ्यायचं काय? हे बघा." मशीन बंदच होतं. तो स्वतः टेबलावर आडवा झाला, डोकं सरळ, हात पोटावर. मिनिटभरात घोरायला लागला.

बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी त्याला उठवायला माझं मन होईना. शेवटी हळूच म्हणालो, "उठता का? माझा नंबर आहे."